गळ्याशी आलेला पोशाख

गेल्या मार्गशीर्षातील एका सकाळी पुण्यातील एका उघड्या जलतरण तलावात माझे वडील छातीभर पाण्यात सावकाश चालत होते. घरात आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय चौऱ्याहत्तर. मागून येणाऱ्या एका स्नेह्याने हाक मारली म्हणून त्यांनी मान वळवली आणि त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जीवरक्षक दोन हातांच्या अंतरावर होता, म्हणून पुढचे संकट टळले. त्यांना काठावर बसवून अंगातल्या पोशाखाची पाठीवरची चेन आम्ही खाली ओढली. दोन-चार श्वास घेऊन ते म्हणाले, "आता बरं वाटतंय. गळा सुटला."

त्या शेवटच्या दोन शब्दांत खरे कारण दडलेले होते. परंतु ते आमच्या ध्यानात यायला आणखी आठ दिवस जावे लागले.

मुळात हा पोशाख आला कशासाठी, ते आधी सांगते. नानांचे गुडघे झिजलेले. जमिनीवर चालणे दिवसेंदिवस अवघड होऊ लागले, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी पाण्यात चालण्याचा सल्ला दिला. कमरेपर्यंतच्या पाण्यात पायांवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या निम्म्यावर येतो आणि छातीपर्यंतच्या पाण्यात तो सुमारे एक तृतीयांश उरतो. सांध्यांना विश्रांती आणि स्नायूंना काम, असा दुहेरी लाभ. अडचण एकच होती, ती थंडीची. उपचारासाठी बांधलेल्या तलावांत पाणी ३३ ते ३५ अंश सेल्सिअस राखतात. आपल्या गावोगावच्या साध्या तलावांत ती सोय नसते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील ऊब काढून घेते, आणि उतारवयात ती ऊब भरून काढण्याची शरीराची शक्ती मंदावलेली असते. दहाच मिनिटांत नानांची नखे निळसर पडू लागली. माझा भाऊ न्यूझीलंडला असतो. तिकडे समुद्रात उतरणारे सर्रास वेटसूट घालतात, म्हणून त्याने तीन मिलिमीटर जाडीचा एक वेटसूट पाठवून दिला. मालवण-तारकर्लीला पाणबुडीच्या हौशी पर्यटकांच्या अंगावर आपण जो काळा पोशाख पाहतो, तोच हा.

पोशाखातली ऊब

वेटसूट निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराच्या फेसाळ पत्र्याचा असतो. त्या पत्र्यात वायूचे असंख्य बंदिस्त बुडबुडे असतात आणि दोन्ही बाजूंना विणलेले ताणले जाणारे कापड चिकटवलेले असते. अमेरिकेतील बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास ही कल्पना पुढे आणली. तोपर्यंतची समजूत अशी, की पाण्यात उबदार राहायचे तर अंग कोरडे राहिले पाहिजे. ब्रॅडनर यांच्या ध्यानात आले, की ऊब राखतात ते बुडबुडे; आत थोडे पाणी शिरले तरी बिघडत नाही, कारण ते अंगाच्या उष्णतेने कोमट होऊन तिथेच राहते. अट एवढीच, की पोशाख अंगाला सर्वत्र लागून असला पाहिजे. ढगळ झाला तर प्रत्येक हालचालीसरशी थंड पाणी आत-बाहेर खेळते. फार घट्ट झाला तर श्वास, रक्ताभिसरण आणि सांधे यांवर दाब येतो.

आणि इथेच ज्येष्ठांची पंचाईत होते. बाजारातले हे पोशाख लाटांवर खेळणाऱ्या तरुणांच्या मापाने बेतलेले असतात: सपाट पोट, ताठ पाठ, भरदार मांड्या. आपल्या घरातील ज्येष्ठांकडे एकदा शिंप्याच्या नजरेने पाहा. उंची दोन-तीन सेंटिमीटरने घटलेली, पोट सुटलेले, मांड्या-पोटऱ्या बारीक झालेल्या आणि पाठीला पोक. ह्या पोकाचा परिणाम मला फार उशिरा कळला. पाठ वाकली की मागच्या बाजूला लांबी जास्त लागते. पोशाखात ती नसते, म्हणून पाठ सगळा पोशाख मागे ओढून घेते आणि पुढची गळपट्टी थेट कंठावर व मानेच्या दोन्ही बाजूंवर रुतून बसते.

मानेच्या दोन्ही बाजूंच्या मुख्य रोहिण्यांत, जबड्याच्या कोनाखाली, रक्तदाब जोखणारी संवेदनशील जागा असते. तिच्यावर दाब आला की मेंदूची समजूत होते, रक्तदाब वाढला आहे. तो हृदयाची गती मंदावतो आणि रक्तवाहिन्या सैलावतो. उतारवयात, विशेषतः पुरुषांमध्ये, ही जागा कधी कधी अतिसंवेदनशील होते. मग घट्ट कॉलर, दाढी करताना पडलेला दाब किंवा मान झटकन वळवणे एवढेही भोवळ यायला पुरते. नानांच्या हृदयाच्या सर्व तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी, "तो पोशाख घेऊन या," असे सांगितले आणि गळपट्टीत बोट घालण्याचा प्रयत्न केला. बोट जाईना. पुन्हा पाण्यात उतरण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: मानेला काहीही लागता कामा नये, पाणी छातीच्या वर नको, आणि हाताच्या अंतरावर माणूस हवा.

आपल्या घरी असा प्रसंग आला, तर दोष पोशाखाचा आहे असे परस्पर ठरवून मोकळे होऊ नका. भोवळीची कारणे अनेक असतात आणि त्यांतली काही गंभीर असतात. आधी वैद्यकीय तपासणी, मगच कात्री.

कापण्यापूर्वी

दुसऱ्या मापाचा पोशाख बदलून मिळत असेल तर तो आधी घ्यावा. कापलेली वस्तू कोणी परत घेत नाही. तो मार्ग नसेल, तर ज्येष्ठांना घरीच, पंख्याखाली, खुर्चीत बसवून पोशाख घालून पाहावा. दहा मिनिटांहून अधिक वेळ नको. आपल्या हवेत निओप्रीनमध्ये अंग फार लवकर तापते. त्यांना खोल श्वास घ्यायला सांगा, एक ते वीस अंक न थांबता मोठ्याने म्हणायला सांगा, दोन्ही हात वर करायला लावा, खुर्चीतून उठू-बसू द्या, मान दोन्ही बाजूंना हळूहळू वळवू द्या. जिथे अडते तिथे खडूची खूण करा. पोशाख काढल्यावर त्वचा नीट पाहा. अर्ध्या तासानंतरही लाल वळ राहिला असेल, तर ती जागा सैल केलीच पाहिजे.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारल्यावाचून घरच्या घरी चाचणीसुद्धा करू नये. हृदय दुर्बळ असलेले, पायांत रक्तपुरवठा कमी असलेले, मधुमेहाने पायांची संवेदना गेलेले, अंगावर उघडी जखम असलेले, हे सर्व त्यांत आले. पेसमेकर बसवला असेल तर गळ्याच्या हाडाखालच्या त्या जागेवर शिवण येता कामा नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या हाताला सूज राहते, त्यांना घट्ट बाही आवळपट्टीसारखी बाधते; त्यांच्यासाठी बिनबाह्यांचा पोशाखच योग्य. आणखी एक गोष्ट. औषधाच्या दुकानात मिळणारे गुडघ्याचे पट्टे पुष्कळदा ह्याच निओप्रीनचे असतात. तसा पट्टा वापरल्यावर एक-दोन दिवसांनी त्या जागी खाज किंवा पुरळ उठत असेल, तर हा पोशाखही सोसणार नाही. निओप्रीन बनवताना वापरलेल्या थायोयुरिया वर्गातील रसायनांची काहींना ॲलर्जी असते.

कात्री, पाते आणि सोल्युशन

आरंभ गळपट्टीपासून केला. निओप्रीनचा मोठा गुण असा, की कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. दुमडून टीप घालण्याची गरज नसते. आम्ही एका वेळी एकच सेंटिमीटर कापला आणि दर वेळी घालून पाहिला. मागे थोडेच, पुढे चंद्रकोरीसारखे खोल, असा गळा उतरवत नेला. चार वेळा कापल्यावर मानेभोवती दोन बोटे सहज फिरू लागली आणि कड गळ्याच्या हाडांपाशी विसावली. गळ्यातून थोडे पाणी आत येते, ऊब किंचित कमी होते. हा तोटा आम्ही आनंदाने पत्करला. ज्या ठिकाणी काप जुन्या शिवणीला छेदतो, तिथे मात्र धागा उसवत जातो. तेवढ्या जागी चार घट्ट टाके घालून वर चिकटद्रव्याचा थेंब द्यावा.

त्यानंतर बाह्या कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्याच्या खालपर्यंत कापले. त्यामुळे पोशाख घालणे-काढणे निम्म्याने सोपे झाले. शिवाय एक अनपेक्षित लाभ झाला. निओप्रीन पाण्यावर तरंगते. पोटऱ्यांवर ते असले की पाय वर उचलले जातात आणि तळाशी टाच टेकत नाही. तरुण पोहणाऱ्याला ते सुखाचे वाटते. पाण्यात चालणाऱ्या वृद्धाचा त्याने तोल जातो. पोटऱ्या मोकळ्या झाल्यावर नानांचे पाऊल स्थिर पडू लागले.

कापलेले तुकडे टाकून देऊ नका. पुढचे सर्वांत महत्त्वाचे काम त्यांच्यातूनच होते, ते म्हणजे कुशीत कळी घालणे. झब्ब्याला काखेत कळी असते, हे आपणांस ठाऊक आहे. तिचीच ही लांब बहीण. काखेपासून कमरेखालपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक पट्टी, मध्ये तीन सेंटिमीटर रुंद, दोन्ही टोकांना पानासारखी निमुळती. टोक बोथट ठेवले तर तिथे चुणी पडते. दोन्ही मिळून घेर सहा सेंटिमीटर वाढला. पोटाचा घेर पोशाखाहून आठ सेंटिमीटर अधिक होता, पण निओप्रीन ताणले जाते, म्हणून सगळा फरक भरून काढू नये. भरला तर पोशाख ढगळ होतो. एक गोष्ट कापडाहून अगदी वेगळी आहे. कापडाला आपण शिवणीसाठी माया सोडतो. इथे माया नसते. दोन कडा एकमेकींना टेकवून चिकटवायच्या असतात. एकीवर एक आली की आतल्या बाजूला जाड वळी उठते आणि वृद्धांच्या कागदासारख्या पातळ त्वचेला ती सोलून काढते. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर एवढ्या घर्षणानेही काळे-निळे डाग पडतात.

कडा सरळ याव्यात म्हणून कात्रीऐवजी धारदार पाते आणि पोलादी पट्टी वापरावी. चिकटवायला निओप्रीनसाठीचेच चिकटद्रव्य घ्यावे. पंक्चरच्या दुकानातील सोल्युशन ह्या कामाचे नव्हे. दोन्ही कडांना पातळ लेप द्यावा, दहा-पंधरा मिनिटे वाळू द्यावा, दुसरा लेप द्यावा, आणि बोटाला चिकटेनासा झाला की कडा एकमेकींना टेकवून चिमटीने घट्ट दाबत जावे. टेकल्याक्षणी त्या धरतात, सरकवून दुरुस्ती करता येत नाही. म्हणून दर पाच सेंटिमीटरवर आधीच खडूच्या जुळत्या खुणा करून ठेवाव्यात. त्या मी केल्या नव्हत्या. पहिली कळी मला फाडून पुन्हा बसवावी लागली आणि नानांचे "घाई कशाची आहे?" हे वाक्य दिवसभर ऐकावे लागले. ह्या द्रव्याची वाफ डोक्याला चढते आणि ती चटकन पेटते. काम गच्चीत किंवा खिडक्या उघडून करावे. जवळ गॅस, उदबत्ती, देवापुढचे निरांजन काहीही पेटलेले नको, आणि दम्याचे रुग्ण त्या खोलीत नकोत.

चोवीस तासांनी शिलाई. वाकडी सुई आणि पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा धागा घ्यावा. सुती धागा पाण्यात कुजतो. सुई बाहेरच्या बाजूने शिरून अर्ध्या जाडीपर्यंतच जावी आणि पुन्हा बाहेरच निघावी. आरपार टाका पडला की आत धागा घासतो आणि छिद्रातून पाणी येते. घरच्या शिलाई यंत्रावर हे जमत नाही. हाताने एका कुशीला मला दोन संध्याकाळी लागल्या. दृष्टी चांगली आणि हात स्थिर असेल तर घरातल्या आजीबाईंनाही जमण्याजोगे हे काम आहे.

चेनचे काम मात्र मी अंगावर घेतले नाही. ह्या पोशाखांची चेन बहुधा पाठीवर असते. खांदा आखडलेल्या माणसाला ती स्वतः ओढता येत नाही, आणि संकटाच्या वेळी झटकन उघडताही येत नाही. दप्तरे आणि प्रवासी पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराकडून पाठीची चेन काढून तिथे निओप्रीनची पट्टी बसवून घेतली आणि पुढे, गळ्यापासून बेंबीच्या बरेच खालपर्यंत, प्लास्टिक दातांची नवी चेन लावून घेतली. धातूची चेन गंजते. आतून चेनच्या मागे एक पातळ पट्टी हवी, नाहीतर कातडी चिमटते. ओढायला मोठी कडी लावली, संधिवाताच्या बोटांना धरता येईल अशी.

पुढच्या चेनचे आणखी एक कारण आहे, ते संकोच बाजूला ठेवून सांगते. पाण्यात उतरले की पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त छातीकडे सरकते. शरीराला वाटते, रक्त जास्त झाले, आणि मूत्रपिंडे काम वाढवतात. थंडीने त्यात भरच पडते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या गृहस्थाला पंधरा मिनिटांत घाई होते. पोशाख निघत नाही ह्या धास्तीने अनेक ज्येष्ठ सकाळपासून पाणी पिणेच टाळतात आणि नंतर त्यांना भोवळ येते. गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

घालताना, काढताना

इतके करूनही घालण्याची पद्धत चुकली तर सगळे व्यर्थ. ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहून हा पोशाख कदापि घालू नये. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यावी. पावलावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन जातो. ती पिशवी उभे राहण्यापूर्वी काढायची, हे विसरू नका. पक्षाघाताने एक बाजू दुबळी असेल तर घालताना दुबळी बाजू आधी आणि काढताना शेवटी. मदत करणाऱ्याने अंगठ्या-बांगड्या उतरवून ठेवाव्यात आणि नखांनी न ओढता बोटांच्या पेरांनी थोडे थोडे वर सरकवावे; नख निओप्रीनलाही लागते आणि कातडीलाही. नानांना अंगाला खोबरेल लावायचे होते. तलावात तेल नको आणि पोशाखालाही नको. व्हॅसलिनसारखे पदार्थही पोशाख बनवणारे निषिद्ध मानतात. घासणाऱ्या जागी पाण्यात मिसळणारे वंगण चालते.

वापरानंतर साध्या थंड पाण्याने क्लोरीन धुऊन टाकावा, उलटा करून सावलीत वाळवावा. ऊन आणि गरम पाणी यांनी रबर कडक होते. आणि कडक झालेला पोशाख वृद्धाच्या अंगावर पुन्हा पहिल्यासारखाच रुततो.

नाना आता आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटे चालतात. मी काठाच्या दांड्यालगत त्यांच्या बरोबरीने चालते. पाण्यात शिरण्यापूर्वी ते स्वतःच मानेभोवती दोन बोटे फिरवून पाहतात. मी विचारीपर्यंत थांबत नाहीत. कापून काढलेली ती गळपट्टी त्यांनी काठीच्या मुठीभोवती चिकटवून टाकली आहे. हात घसरत नाही म्हणतात.